न्यूट्रलला फिरवायला माणूस पाहिजे

नौपाड्यातल्या आमच्या गल्लीत एका गुरुवारी सकाळी साडेआठला बहात्तर वर्षांचा एक माणूस मनगटाला कुत्र्याची दोरी बांधून चालला होता. दोरीचं दुसरं टोक तिशीतल्या एका अनोळखी इसमाच्या हातात. कुत्रा वरती, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, गजांतून नाक बाहेर काढून हा प्रकार बघत होता. म्हातारा विजेच्या खांबापाशी थांबला. खांब नीट निरखून बघितला. मग तिथून हलेचना. त्या इसमानं घड्याळ बघितलं, दोरीला एक हिसका दिला आणि म्हणाला, "चला ना अंकल."

"नापास," म्हातारा म्हणाला. "एक महिन्यानं पुन्हा या."

दूधवाला सायकल थांबवून बघत होता. समोरच्या दवाखान्यातले पेशंट बाहेर येऊन बघत होते. आणि थोड्या वेळानं सगळे त्या दोघांना सोडून माझ्याकडे बघायला लागले, कारण त्या इसमाला माजिवड्याहून मी बोलावलं होतं. रस्त्यात उभं राहून परक्यांच्या हातात पत्रकं कोंबणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे मला सहसा लाज वाटत नाही. त्या दिवशी वाटली.

तो म्हातारा म्हणजे माझे घरमालक. सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. शाळेतले सर नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. पस्तीस वर्षं त्यांनी नौपाड्याला गाडी चालवायला शिकवली. डॉक्टर, वकील, बँकेतल्या बायका, सगळे त्यांच्या शेजारी बसून घाम पुसत क्लच सोडायला शिकले. शिकवण्याच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. सरांनी स्कूल बंद केलं, गाडी विकली, पण तो ब्रेक काही त्यांच्या पायाखालून गेला नाही. कोणी घाईनं बोलायला लागलं की त्यांचा उजवा पाय जमीन दाबायचा. रिक्षात बसले की स्टेशनपर्यंत दाबत जायचे. टीव्हीवर बातम्या देणारी मुलगी श्वास न घेता बोलली की दाबायचे. मी पत्रक छापायला देण्याआधी मोठ्यांदा वाचून बघते. माझ्या पहिल्या "आम्ही ठणकावून सांगतो"लाच त्यांच्या खुर्चीखालून धप्प आवाज यायचा.

"सर, मी अजून मुद्द्यावर आले नाहीये."

"मुद्दा मागं राहिला, कार्यकर्त्या बाई. तुम्ही आरसा बघितला नाहीत."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाजीवाल्यानं सुट्टे पैसे चुकवले, शेजारणीची फोडणी जळली, कोणाचं लग्न मोडलं, तरी निकाल एकच. आरसा बघितला नाहीत.

खोली भाड्यानं देताना त्यांनी माझी जात विचारली नाही, लग्नाचं विचारलं नाही, मांसाहार करता का विचारलं नाही. एवढ्यासाठी मी त्यांना पुढचं बरंच काही माफ केलं आहे. त्यांनी मला फक्त बॅग हातात धरून घरातल्या अरुंद बोळातून उलटं चालत गॅलरीपर्यंत जायला लावलं. मी दोनदा भिंतीला घासले आणि शेवटी दारावर आपटले. "पार्किंग कच्चं आहे," ते म्हणाले, "पण थांबता येतं. राहा."

कुत्र्याचं नाव न्यूट्रल. गावठी, तपकिरी, नऊ वर्षांचा, उजवा कान कायमचा दुमडलेला. पूर्वी तो स्कूलच्या गाडीखाली झोपायचा. पुढं हो म्हटलं तर नाही, मागं ये म्हटलं तर नाही, म्हणून न्यूट्रल. आमच्या कामात मला सगळ्यात जास्त राग येतो तो न्यूट्रल राहणाऱ्यांचा, आणि मला रोज सकाळी त्याच नावानं प्रेमानं हाका माराव्या लागायच्या.

आता मूळ प्रश्न, थेट सांगते.

सरांचे दोन्ही गुडघे गेले होते. घराला बावीस पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि न्यूट्रल घरात करत नाही. पोट फुटेल पण करणार नाही. म्हणजे दिवसातून तीनदा सरांनी कठडा धरून उतरायचं, त्याला फिरवायचं आणि पुन्हा चढायचं. डॉक्टरांनी गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलं होतं. सर तारीख घ्यायचे आणि मोडायचे. दवाखान्यात असताना आणि त्यानंतर तीन महिने कुत्रा कोण फिरवणार? दोन तारखा मोडल्या तेव्हा डोंबिवलीहून त्यांचा पुतण्या आला. पुतण्या वाईट माणूस नाही, हे मी इथे मुद्दाम नोंदवते. मला तो वाईट असता तर सोपं गेलं असतं.

"काका, मी मागच्या वेळी पण बोललेलो. एक तर फिरवायला माणूस बघा, नाहीतर सरळ आमच्याकडे चला. ऑपरेशन तिकडे करू."

"आणि हा?"

"आमच्या सोसायटीत कुत्रा चालत नाही, माहितीय तुम्हाला. शहापूरकडे माझ्या मित्राचं फार्म आहे. मोकळा राहील तिकडे."

धप्प. न्यूट्रलनं कान टवकारला, एकच.

"महिनाभर थांबतो," पुतण्या म्हणाला. "मग मी गाडी घेऊन येणार."

मग तूच का नाही फिरवलंस, असं मला अनेकांनी विचारलं. एक तर आठवड्यातले बरेच दिवस मी सकाळी सातलाच कल्याणला जायला निघायचे. दुसरं म्हणजे मी परीक्षेत नापास झाले होते.

परीक्षा अशी. सर स्वतः कुत्रा व्हायचे. उमेदवारानं त्यांना दोरीनं धरून गल्लीच्या टोकापर्यंत न्यायचं. सर खांबापाशी थांबणार, सावलीत रेंगाळणार, मधेच उलटे फिरणार. आणि मनात मोजणार, की पुढच्यानं किती वेळा मागं वळून बघितलं. टोकापर्यंत कमीत कमी पाच वेळा. "गाडीला आरसा असतो," ते म्हणायचे, "दोरीला नसतो. मान वळवावी लागते." मी दोनदा वळवली होती, आणि त्यातल्या एकदा फोनवर बोलत होते.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की काम मागायला आलेल्या माणसाला भर रस्त्यात असं नाचवणं हा त्याचा अपमान आहे. कामाच्या वेळा लिहून द्या, सुट्टी लिहून द्या, आजारपणाची रजा द्या. मी दोन पानी करार तयार केला. सरांनी तो हातात घेतला, दुसऱ्या ओळीपर्यंत वाचला आणि पाय दाबला.

"यात कुत्रा कुठं आहे?"

"परिशिष्टात."

ठाकुर्लीहून एक गृहस्थ आले, कुत्र्यांचे ट्रेनर. कुत्र्याला मालक कोण ते एकदा कळलं पाहिजे, म्हणाले. सर म्हणाले, "कळवा." दोरी बांधून झाली. गृहस्थांनी बोट वर केलं आणि गरजले, "सिट!"

सर बसले. रस्त्याच्या मधोमध. परीक्षेचे नियम ते स्वतःलाही लावायचे, हा त्यांचा मोठेपणा म्हणा किंवा काहीही म्हणा. बसले ते बसले, त्या गुडघ्यांनी उठता येईना. मागं पावाचा टेम्पो, दोन रिक्षा आणि शाळेची बस खोळंबली. बसमधली पोरं खिडकीतून टाळ्या वाजवत होती. मी, दूधवाला आणि ते ट्रेनर, तिघांनी मिळून सरांना काखेत हात घालून उभं केलं. सरळ होता होता ते ट्रेनरला म्हणाले, "बसवलंत छान. उठवायचं शिकला नाहीत. नापास."

असे अकरा जण गेले. महिन्यातले तेवीस दिवसही गेले. जिना उतरताना सर आता प्रत्येक पायरीवर थांबायचे आणि मी बघत असले तर कठड्यावरची धूळ पुसल्यासारखं करायचे.

मग मावशी आल्या. चेंदणी कोळीवाड्यातल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्या वर्षानुवर्षं मासळी घेऊन बसायच्या. आता पाटी सुनेनं सांभाळली होती आणि मावशी फक्त रविवारच्या गर्दीला मदतीला यायच्या. माझं "माणूस पाहिजे"चं पत्रक सुनेनं सुरमई बांधायला घेतलं होतं, त्यावरून त्यांना कळलं. पत्रकांचा उपयोग होत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

सरांनी मनगट पुढं केलं. "मी कुत्रा. चला."

मावशींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमाला कनाला फिरवू? कुतरा कंचा तो दावा."

दवाखान्याच्या पायरीवर कोणीतरी खो खो हसलं. मी मनातल्या मनात घोषणा दिली. शेवटी एका कष्टकरी बाईनं या तमाशाला ठाम नकार दिला होता. मी ताबडतोब करार काढला. "मावशी, मी तुम्हाला वाचून दाखवते. सही येत नसेल तर—"

"मना वाचता येतं. सातवी झालेय." त्यांनी कमरेच्या पिशवीतून चष्मा काढला आणि उभ्या उभ्या दोन्ही पानं वाचली, परिशिष्टासकट. "सुट्टी सोमवारी कनाला लिवलंस? सोमवारी मासली कोन खातं? सोमवारी मी मोकलीच. रविवार लिव."

बायकांच्या हक्कांवर मी तीन वर्षं भाषणं करते आहे. माझे कान तापले. खाली बघितलं तर सरांचा पाय, या वेळी माझ्यासाठी, अगदी हलकेच दाबलेला होता.

न्यूट्रल मावशींबरोबर एका शब्दात गेला. "मासळीचा वास येतो म्हणून," सर म्हणाले, आणि दिवसभर येईल त्याला तेच सांगत राहिले. परीक्षा न देता कोणी पास होतंय हे त्यांना सहन होईना. म्हणून त्यांनी तोडगा काढला. मावशींना कच्चं लायसन्स. आणि कच्च्या लायसन्सवाल्यानं गाडी एकट्यानं चालवायची नसते.

दुसऱ्या दिवशी ते बाजारातून आणखी एक दोरी मागवून तयार. न्यूट्रलच्या पट्ट्याला पुढून मावशींची दोरी, मागून सरांची.

"सर, ज्या जिन्यापासून तुम्हाला वाचवायला माणूस ठेवला, त्याच जिन्यावरून तुम्ही त्या माणसाच्या मागं उतरताय!"

"माझा फक्त ब्रेक आहे. गाडी त्यांचीच."

"दोगांनी धरला तं कुतरा कोनाचा आयकल?" मावशींनी विचारलं.

सरांनी आपली दोरी मनगटाला गुंडाळली. तीन दिवस ही वरात गल्लीतून निघाली. पुढं मावशी, मधे कुत्रा, मागं भिंत चाचपत सर. मावशी सावलीकडं न्यायच्या, सर उन्हात ओढायचे. न्यूट्रल मधेच बसायचा, आणि त्याचं नाव त्याला इतकं शोभून दिसायचं की मला रडू यायचं बाकी होतं.

चौथ्या दिवशी कोपऱ्यावरून एक स्कूटर वेगात वळली. मावशींनी न्यूट्रलला भिंतीच्या बाजूला घेतलं. बरोबर घेतलं, मी फाटकातून माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्याच क्षणी सरांनी ब्रेक मारला. पस्तीस वर्षांच्या सवयीनं, दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून. दोन दोऱ्या दोन दिशांना ताणल्या गेल्या आणि पट्टा न्यूट्रलच्या डोक्यावरून सटकला. तो क्षणभर तसाच उभा राहिला, मोकळ्या मानेनं, आपल्याला हे कसं झालं ते न कळल्यासारखा. मग पळाला.

सर मावशींकडे वळून ओरडले, "नापास!"

तिथं माझं डोकं फिरलं. "कोण नापास? सर, त्यांनी त्याला भिंतीला घेतलं होतं! तुम्ही ओढलंत! पस्तीस वर्षं तुम्ही लोकांचे ब्रेक स्वतः दाबलेत, म्हणून त्यांना कधी कळलंच नाही की ब्रेक लागतो कुठं. आणि आता तो कुत्रा गेला, आणि आठवडाभरात तुम्ही पण जाल डोंबिवलीला, आणि बसा तिथं चौदाव्या मजल्यावर जमीन दाबत!"

मी अतिशय घाईनं बोलले होते. सरांचा पाय हलला नाही. हातात रिकामी दोरी घेऊन ते भिंतीला टेकून उभे होते, आणि मला माझं शेवटचं वाक्य परत घ्यावंसं वाटलं. छापून गेलेलं परत घेता येत नाही. मावशींनी पट्टा उचलला आणि चालायला लागल्या. सर बावीस पायऱ्या बसून चढले, एकेक करत, पाठ वर आणि तोंड रस्त्याकडे.

मी कल्याणची बैठक रद्द केली आणि मला जे येतं ते केलं. तासाभरात पत्रक छापून आणलं. मथळा: "नौपाड्यातले रस्ते नेमके कोणासाठी?" न्यूट्रलचा रंग चौथ्या परिच्छेदात होता. फोटोला जागा उरली नाही. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं ते दोन्ही बाजूंनी वाचलं आणि विचारलं, "मॅडम, सभा कधी आहे?"

हेच पत्रक मी फोनमधल्या सगळ्यांना पाठवलं. सगळ्यांमध्ये पुतण्याही होता. दुपारी त्याचा फोन आला. सरांनी तो स्पीकरवर ठेवला.

"काका, बस झालं आता. मी उद्या सकाळी येतो गाडी घेऊन. सामान नंतर नेऊ."

सर म्हणाले, "बरं."

मी दोन वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला. वाद नाही, आरसा नाही, नुसतं बरं. मग त्यांनी खुर्ची गॅलरीत ओढून घेतली आणि पाय दाबायला सुरुवात केली. समोर कोणी बोलत नव्हतं, रस्ता रिकामा होता, तरी दाबत होते.

पाच वाजायच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी मावशी दिसल्या. हातात पाटी बांधायची निळी नायलॉनची दोरी, आणि दोरीच्या टोकाला, गळ्यात पट्टा घातलेला न्यूट्रल. ओढाताण नाही. दोघं बाजारातून परत येणाऱ्या शेजाऱ्यांसारखे चालत होते.

मी धावत खाली गेले. "कुठं सापडला?"

"सापडायचा काय? रोज जिथं बसतो तिथंच. त्या केकच्या दुकानासमोर, गाडीखाली."

केकचं दुकान आहे तिथं पूर्वी सरांची गाडी लागायची. हे मला माहीत होतं, सरांना माहीत होतं, आणि आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. मी पत्रक लिहीत होते. ते पाय दाबत होते.

"मग सकाळपासून इतका वेळ?"

"भ्यायला व्हता, येईना. मंग मी पायरीवर बसले. त्याला वाटला तवा आला भायेर."

वरून सरांचा आवाज आला. नेहमीचा दरारा आणायचा प्रयत्न होता. "येताना... मागं वळून किती वेळा बघितलंत?"

मावशींनी मान वर केली. "मागं कनाला बघू? बाजूलाच व्हता."

मी वर पोचले तेव्हा सर गजाला धरून उभे होते आणि न्यूट्रल त्यांच्या पोटरीला नाक लावून बसला होता. पुतण्याला त्यांनी स्वतः फोन केला. "उद्या नको येऊस. सोमवारी ये, ऑपरेशनची तारीख घेतोय. रविवारी माणसाला सुट्टी असते." मग न्यूट्रलच्या पट्ट्याला अडकवायची ती दुसरी दोरी त्यांनी गुंडाळून माझ्या हातात दिली. "घ्या. तुमचे गठ्ठे बांधायला."

सोमवारी ते खरंच दवाखान्यात गेले, आणि ही तारीख मोडली नाही. तीन महिने मावशी आल्या, रविवार सोडून. रविवारी मी न्यायचे आणि न्यूट्रल गाडीखाली बसून मला वाट बघायला लावायचा. ऑपरेशननंतर व्यायाम शिकवणारी मुलगी सरांना म्हणाली, दर तासाला पाऊल खाली दाबायचं, वर घ्यायचं. असा पेशंट तिनं बघितला नव्हता. सरांनी दवाखान्यातून मला फोन करून सांगितलं, "पैकीच्या पैकी."

म्हणून माणूस सुधारला असं कोणी समजू नये. मावशींचं लायसन्स त्यांनी पक्कं केलंच नाही. दर महिन्याच्या एक तारखेला ते मनगट पुढं करायचे आणि मावशी म्हणायच्या, "फुडच्या म्हैन्यात बगू."

पुढं माझं काम पूर्ण वेळ कल्याणला गेलं आणि मी खोली सोडली. निघाले त्या सकाळी तिघं फाटकापाशी उभे होते. मधे मावशी, एका बाजूला न्यूट्रल, दुसऱ्या बाजूला काठी घेतलेले सर. भाषण मला करता येतं, निरोप घेता येत नाही. मी बॅग उचलली आणि चालायला लागले. खांबापाशी पोचल्यावर मागं बघितलं.

"एक!" सर ओरडले.

दूधवाल्यापाशी बघितलं. "दोन!" मग तीन. मग चार. मला संताप येत होता आणि डोळेही भरत होते. गल्लीच्या टोकाला मी थांबले, बॅग खाली ठेवली आणि पूर्ण वळून, नीट, शेवटचं बघितलं.

ते माझ्याकडे बघतच नव्हते. न्यूट्रलला उन्हात न्यायचं की सावलीत, यावरून त्यांचं मावशींशी जुंपलं होतं. पाचवं त्यांनी मोजलंच नाही.